गावचं काम शाळेच्या वेळापत्रकात

जोतीराव फुल्यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे आपलं निवेदन ठेवलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी आपल्याला ठाऊक असते. जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत ती हमखास येते. अभ्यासक्रमाविषयी त्यांनी त्याच निवेदनात जे लिहिलं, ते मात्र सहसा कोणी वाचून दाखवत नाही. मुलांना मोडी आणि बाळबोध लिहिता-वाचता यावं, हिशेब यावा, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख व्हावी, आणि याच जोडीला शेतीचं प्राथमिक ज्ञान व आरोग्याचे धडे मिळावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. खेड्यातल्या शाळेत विषय थोडे कमी असले तरी चालतील, पण शिक्षण शहराइतकंच व्यवहारोपयोगी हवं. शेतीच्या धड्यांना जोडून एक छोटं नमुना शेत असेल तर फार उपयोग होईल, हेही त्यांनी सुचवलं. शिक्षक कसा असावा? वेळ पडली तर नांगर किंवा सुताराची वाकस हातात धरायला ज्याला लाज वाटणार नाही, असा.

या निवेदनाला आता एकशे चाळीसहून अधिक वर्षं झाली. प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, वाडी-वस्तीवर शाळा पोचली, मुली मोठ्या संख्येने दहावीपर्यंत येऊ लागल्या. जोतीरावांच्या मागणीतला हा अर्धा भाग आपण बराचसा पुरा केला. उरलेला अर्धा भाग या पुस्तकाचा विषय आहे.

पुस्तकात लिहिणारे बहुतेकजण माध्यमिक शाळांतले शिक्षक आणि कार्यशाळेतले निदेशक आहेत. शाळेच्या अभ्यासाचा आणि आसपासच्या रोजगाराचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न त्यांना शासन निर्णयातून कळलेला नाही. दहावीनंतर दोन-तीन वर्षांनी गावात भेटलेली मुलं ‘सर, काय करू?’ असं विचारतात, तेव्हा तो त्यांच्यापुढे उभा राहिला. म्हणून त्यांच्या लिहिण्यात कळकळ आहे, आणि कुठे कुठे अस्वस्थताही. ती अस्वस्थता संपादकांनी पुसून टाकली नाही, याचं मला समाधान वाटतं.

आधी ‘स्थानिक रोजगार’ कशाला म्हणायचं ते पाहू. धोरणाच्या कागदांत त्याचा अर्थ बहुधा औद्योगिक वसाहतीतल्या रिकाम्या जागा असा होतो. एखाद्या तालुक्यात किती फिटर लागतील, किती वेल्डर, किती डेटा एंट्री ऑपरेटर, याची यादी होते आणि तेवढेच अभ्यासक्रम शाळांकडे येतात. आपल्या तालुक्यांत पगारी जागा मुळात थोड्या. जे काम असतं त्याची जाहिरात कुठेच येत नाही. बोअरची मोटर जळली की ती तालुक्याच्या गावी रिवायंडिंगला न्यावी लागते, आणि ऐन हंगामात पाणी चार दिवस बंद राहतं. ठिबकच्या नळ्या क्षाराने बुजतात. त्या धुवायला आम्ल किती घ्यायचं हे नीट माहीत असणारा माणूस शोधावा लागतो. सौर पंप बसले आहेत, पण कंट्रोलरमध्ये बिघाड झाला की कंपनीच्या माणसाची वाट पाहण्यापलीकडे शेतकऱ्याच्या हाती काही नसतं. शेळ्यांचं लसीकरण, टोमॅटोची रोपवाटिका, पत्र्याच्या शेडचा अंदाजखर्च, शेततळ्याच्या कागदाची जोडणी, म्हाताऱ्या माणसांची घरी जाऊन करायची शुश्रूषा, बचत गटाचे हिशेब... गावात काम उदंड आहे, ते नीट येणारी माणसं तेवढी नाहीत. आणि त्याच गावातली दहावी-बारावी झालेली मुलं पारावर बसून भरतीच्या जाहिरातींची वाट पाहत असतात. या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी आहेत आणि त्यांची गाठ पडत नाही, याचं मला अतिशय वाईट वाटतं. ही गाठ घालून देण्याची ताकद शाळेइतकी दुसऱ्या कुठल्याही संस्थेत नाही, कारण गावातलं प्रत्येक घर कधी ना कधी शाळेच्या दाराशी येतं.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी मांडलेली कल्पना तिथे चर्चेला आली आणि झाकीर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, तेही मातृभाषेतून, आणि मध्यभागी एखादा हस्तोद्योग. हस्तोद्योग हा वेगळा तास नव्हता. सूत कातताना गणित, कापसाबरोबर भूगोल, अशी त्याची बांधणी होती. ही नई तालीम शिक्षणविचार म्हणून आजही मला अजोड वाटते. तिच्यात दोन अडचणी राहून गेल्या. मुलांनी बनवलेल्या मालातून शिक्षकाचा पगार निघावा, ही अपेक्षा मुलांच्या हातांवर फार मोठा भार टाकणारी होती. आणि मूलोद्योगी शाळा खेड्यातल्या गरिबांसाठी, साध्या शाळा बाकीच्यांसाठी, अशी वाटणी प्रत्यक्षात होऊन बसली. ज्यांच्या हातात निर्णय होते त्यांनी आपली मुलं त्या शाळांत घातली नाहीत. तिथेच तिचं भवितव्य ठरलं.

पुढे कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने तिलाच ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असं नाव दिलं. महाराष्ट्रात आमच्या पिढ्यांच्या वाट्याला जो कार्यानुभव आला तो म्हणजे खडू, मेणबत्त्या, फिनाईल, भेटकार्डं. तो तास शनिवारी असायचा आणि परीक्षा जवळ आली की गणिताच्या सरांकडे जायचा. त्या मेणबत्त्या गावात कुणाला हव्या होत्या का, हे कुणी विचारलं नाही. शिकण्याचं काम खरं असेल तर त्याला गिऱ्हाईक असतं, आणि गिऱ्हाईक चुका काढतं. कार्यानुभवाला ते कधी लाभलंच नाही.

या इतिहासातली एक घटना महाराष्ट्राबाहेरची आहे, पण या विषयात उतरणाऱ्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवावी. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेची वेळ कमी केली. उरलेल्या वेळात मुलांनी आई-वडिलांच्या धंद्याचं काम शिकावं, अशी योजना होती. शाळा कमी, वर्ग कमी, खर्च कमी. द्रविड चळवळीने त्या योजनेला कुलधंद्याचं शिक्षण म्हटलं आणि राज्यभर विरोध उभा केला. राजगोपालाचारी पायउतार झाले, कामराज मुख्यमंत्री झाले आणि १९५४ मध्ये योजना मागे घेतली गेली. विरोध करणाऱ्यांचं बरोबर होतं. न्हाव्याच्या मुलाने वस्तरा आणि चांभाराच्या मुलाने रापी धरायची असेल, तर शाळा हवी कशाला? ते तर शाळेशिवायच शेकडो वर्षं चाललं होतं. डॉ. आंबेडकरांनी जातिव्यवस्थेवर घेतलेला एक मूलभूत आक्षेपच हा होता, की माणसाचा धंदा त्याच्या जन्माआधी ठरवून ठेवला जातो.

म्हणून ‘स्थानिक गरजेनुसार अभ्यासक्रम’ हे शब्द ऐकले की वस्तीवरच्या पालकाच्या मनात शंका येते. ती शंका खरी आहे आणि तिचं उत्तर द्यावंच लागेल. आमच्या मुलांना पुन्हा हातोडा देणार आणि तुमची मुलं डॉक्टर होणार का, असं विचारणाऱ्या आईला ‘श्रमाची प्रतिष्ठा’ हे उत्तर पुरत नाही. तिला पटेल असं एकच उत्तर मला दिसतं: शाळेतल्या प्रत्येक मुलाने प्रत्येक काम करायचं. पाटलाच्या मुलाने गोठा झाडायचा, सोनाराच्या मुलीने वेल्डिंग करायचं, वर्गातल्या सगळ्या मुलग्यांनी भाकरी थापायची आणि पदार्थातल्या प्रथिनांचा हिशेब मांडायचा. दहावीपर्यंत कुणालाही एका धंद्याला जुंपायचं नाही. या अटीवर स्थानिक काम शाळेत आलं तर ते जातीच्या भिंती पाडतं. ही अट सोडली तर त्याच भिंती पुन्हा उभ्या राहतात. या पुस्तकातल्या सगळ्या लेखांत मी हीच कसोटी लावून पाहिली.

ही अट पाळून काम करता येतं, हे पाबळने दाखवलं. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं पाबळ हे त्या काळी अवर्षणाने गांजलेलं गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट केलेले, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात वरच्या पदावर असलेले. ती नोकरी मुदतीआधी सोडून १९८३ मध्ये ते पाबळला आले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. आश्रम पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं केंद्र म्हणून चालला. ही संस्था जे. पी. नाईकांनी स्थापन केलेली, आणि नाईक हे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. कार्यानुभवाची शिफारस ज्या अहवालात होती त्याच्या कर्त्याची संस्था आणि ती शिफारस प्रत्यक्षात उतरवू पाहणारा शास्त्रज्ञ यांची गाठ पाबळच्या माळावर पडली. नाईक १९८१ मध्ये गेले, त्यांना ते पाहता आलं नाही.

कलबागांची मांडणी साधी होती. माणूस लहानपणापासून हाताने करत करतच शिकतो. शाळा ती पद्धत मोडते आणि मग मुलांना शिकवणं अवघड आहे म्हणून तक्रार करते. त्यांनी गावच्या माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आठवड्यातला एक दिवस कामाला दिला. विभाग चार: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी चारही विभागांतून जायची. निदेशक गावातले किंवा जवळपासचे, हाताने काम येणारे. आणि कामं खरी: शाळेच्या खिडकीची जाळी, कुणाच्या घराचं वायरिंग, रक्तगट तपासणी, रोपं, फेरोसिमेंटची टाकी. गावकऱ्यांनी काम सांगायचं, मुलांनी निदेशकाच्या देखरेखीखाली करायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. प्रत्येक कामाचा खर्च मांडायचा: साहित्य, वीज, हत्याराची झीज, मजुरी. आपल्या स्वतःच्या तासाची किंमत किती धरायची, हा प्रश्न मुलांना पहिल्यांदा त्या वहीत भेटतो, आणि शाळेच्या दुसऱ्या कुठल्याही वहीत तो भेटत नाही.

राज्य मंडळाने ऐंशीच्या दशकातच या विषयाला मान्यता दिली. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या नावाने तो पुढे इतर शाळांत गेला. आता बहुकौशल्य पायाभूत अभ्यासक्रम म्हणून तो राज्यातल्या अनेक शाळांत चालतो. कलबाग २००३ मध्ये निवर्तले. त्याआधीच, २००२ मध्ये, अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची प्रयोगशाळा, उभी राहिली होती. अशी प्रयोगशाळा मिळालेल्या जगातल्या पहिल्या काही ठिकाणांत शिरूर तालुक्यातलं हे गाव होतं.

पाबळच्या पद्धतीत वर्ग कसा चालतो ते एका उदाहरणाने सांगतो, कारण काम म्हणजे कमी प्रतीचं शिक्षण असं मानणाऱ्यांना नुसत्या तत्त्वाने उत्तर देता येत नाही. गाईचं वजन काढायचं आहे. खेड्यात जनावराचा वजनकाटा नसतो, पण खुराक किती द्यायचा आणि जंताचं औषध किती पाजायचं, दोन्ही वजनावरच ठरतं. मुलं टेप घेऊन गोठ्यात जातात. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजतात, मग खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी. दोन्ही मापं इंचांत. घेराचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचं आणि ६६० ने भागायचं. उत्तर किलोत येतं. घेर ६० इंच, लांबी ५० इंच असेल तर वजन सुमारे २७३ किलो. पशुवैद्यक हे सूत्र नेहमी वापरतात.

इथे तास संपवला तर मुलांच्या हाती एक कौशल्य आलं. चांगला शिक्षक इथे थांबत नाही. हे ६६० आले कुठून, असं तो विचारतो. मग फळ्यावर गाय दंडगोल होते. घेर म्हणजे परीघ, परिघावरून त्रिज्या, त्रिज्येवरून वर्तुळाचं क्षेत्रफळ, त्याला लांबीने गुणलं की घनफळ. दहावीच्या भूमितीतलं महत्त्वमापनाचं सबंध प्रकरण गोठ्यात येऊन उभं राहतं. घन इंचांचे लिटर केले की साधारण २३५ येतात. जनावराच्या शरीराची घनता पाण्याच्या जवळपास, म्हणजे वजन २३५ किलो. पण सूत्राने तर २७३ सांगितलं होतं. मधले ३८ किलो कुठे गेले? वर्ग क्षणभर गप्प होतो आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘सर, डोकं आणि पाय मोजलेच नाहीत.’ मग मान निघते, शेपूट निघते. गाभण गाईला हे सूत्र चालेल का, म्हशीला चालेल का, वासराला का चालणार नाही, असे प्रश्न मुलंच काढतात. पुढचा हिशेब खुराकाचा: रोजच्या चाऱ्यातला कोरडा अंश वजनाच्या साधारण अडीच ते तीन टक्के, म्हणजे या गाईला सात-आठ किलो. हिरव्या चाऱ्यात बहुतांश पाणीच असतं, मग हिरवा किती लागेल? आपण घरी किती घालतो? हा शेवटचा प्रश्न घरी जातो आणि रात्री जेवताना बापाशी बोलणं होतं.

दूध संकलन केंद्रावरची पावती हाही असाच धडा आहे. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (स्निग्धांश वगळून उरणारे घन घटक) या प्रतीला ठरतो आणि प्रत खाली गेली की कापला जातो. ज्या घरात वर्षानुवर्षं रोज दोनदा ही पावती येते, त्या घरातल्या मुलीला टक्केवारी आणि आलेख शिकवण्यासाठी पुस्तकातल्या काल्पनिक दुकानदाराची गरज काय? महिनाभराच्या पावत्या मांडून, दर कुठल्या दिवशी आणि का पडला हे ज्या मुलीने शोधलं, तिला गणित आलं आणि केंद्रावर बोलण्याचं धैर्यही आलं.

स्थानिक रोजगाराचा विचार याच दिशेने व्हावा, असं मला वाटतं. परिसरातलं काम हे विज्ञान, गणित, भाषा शिकण्याचं साधन व्हावं. त्यातून हात तयार होतील आणि काही मुलं त्याच वाटेने रोजगाराला लागतील, ही दुसरी प्राप्ती. हा क्रम उलटला, आधी रोजगार ठरवला आणि अभ्यास त्याच्या मापाने कापला, की शाळांची प्रशिक्षण केंद्रं होतात आणि त्यांचं आयुष्य तो रोजगार असेपर्यंतच टिकतं. शिरूर तालुक्याचंच पाहा. १९८३ मध्ये पाबळच्या आसपास कोरडवाहू शेती होती. आज त्याच तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, पलीकडे चाकणचे वाहन कारखाने आहेत. १९८३ च्या रोजगाराच्या यादीवरून अभ्यासक्रम केला असता तर तो दहा-पंधरा वर्षांत बाद झाला असता. चार विभागांतून गेलेली मुलं दोन्ही काळांत निभावली, कारण त्यांना मोजायला, खर्च काढायला, बिघाड शोधायला आणि न येणारी गोष्ट विचारून शिकायला आलेलं होतं. चाकणच्या आजच्या गरजेपुरती मुलं घडवायची म्हटलं, तर इंजिनाच्या जागी मोटर आणि बॅटरी येते आहे, त्या मुलांनी उद्या काय करायचं?

जागा बदलली की काम बदलतं, हे या पुस्तकाचं सर्वांत मोठं बळ. येवल्याच्या शाळेला पैठणी आहे. आलेखाच्या कागदावर नक्षी मांडून धाग्यांची संख्या काढणं हा तिथला निर्देशक भूमितीचा तास होऊ शकतो. शिवाय पैठणीचा भाव दुकानात किती आणि विणकराच्या हाती किती, हा अर्थशास्त्राचाही. हुपरीला चांदी आहे, तिथे घनता आणि मिश्रधातू. कोल्हापूरच्या परिसरात ओतकामाचे कारखाने आहेत. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तिथल्या मुलांना पाहुण्याचं आदरातिथ्य जेवढं यायला हवं, तेवढंच किनाऱ्यावरच्या कचऱ्याचं आणि विहिरींत शिरणाऱ्या खाऱ्या पाण्याचं शास्त्रही.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं उदाहरण मला विशेष महत्त्वाचं वाटतं. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणारं हे देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. २०११ मध्ये ग्रामसभेला आपला बांबू स्वतः विकण्याचे वाहतूक परवाने मिळाले. त्या दिवसापासून गावाला कोणत्या माणसांची गरज लागली? बांबू तोडणारे होतेच. मोजदाद करणारी, निविदा वाचणारी, करारातली अट समजणारी, हिशेब ठेवून ग्रामसभेपुढे वाचून दाखवणारी माणसं हवी होती. स्थानिक गरज म्हटलं की आपण हातकामाकडेच पाहतो. इथे गरज वाचन, लेखन आणि गणिताची होती, आणि तीही आदिवासी गावात. खेड्यातल्या मुलांसाठी ‘झेपेल तेवढा’ अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी हे नीट पाहावं.

बीडचं दुखणं वेगळं आहे. तिथल्या कित्येक गावांत दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळा लागताना परततात. मुलं बरोबर जातात, नाहीतर आजीपाशी राहतात. स्थानिक बाजाराला अभ्यासक्रम जोडा, असं तिथे म्हणणं क्रूर होईल, कारण तिथला बाजार त्यांना फक्त कोयता देऊ शकतो. अशा भागात शाळेने स्थलांतराला पर्याय होतील अशी कामं आणि दूरवर उपयोगी पडेल असं शिक्षण, दोन्ही हाती द्यायला हवं. मुलगी पुण्याला गेली तरी तिचं शिकलेलं तिच्याबरोबर गेलं पाहिजे. या बाबतीत पुस्तकातले दोन लेख एकमेकांच्या विरोधात आहेत. गावात राहण्याची सक्ती अभ्यासक्रमातून होता कामा नये, असं म्हणणाऱ्या लेखाकडे माझा कल आहे.

आता सरकारी धोरणाविषयी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने २०२५ पर्यंत शालेय व उच्च शिक्षणातल्या किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाचा अनुभव मिळावा, असं लक्ष्य ठेवलं. सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, गावातल्या सुताराकडे, माळ्याकडे, कुंभाराकडे जाऊन शिकण्याची सूचनाही त्यात आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेतला आकडा धोरणाने उद्धृत केला आहे: १९ ते २४ वयोगटातल्या ५ टक्क्यांहून कमी भारतीय कामकऱ्यांना औपचारिक व्यावसायिक शिक्षण मिळालेलं, दक्षिण कोरियात हेच प्रमाण ९६ टक्के. ‘औपचारिक’ हा शब्द इथे नजरेआड करू नये. आपल्याकडे बापाच्या किंवा उस्तादाच्या हाताखाली शिकलेले लाखो गवंडी, मेकॅनिक, शिंपी या आकड्यात धरलेलेच नाहीत. ते अडाणी नाहीत. त्यांच्या ज्ञानाला कागद नाही. २०२३ च्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कामाचे तीन प्रकार केले: सजीवांबरोबरचं काम, यंत्रं आणि साहित्यांबरोबरचं काम, आणि माणसांच्या सेवेचं काम. प्रत्येक मुलाने तिन्ही प्रकारची कामं करावीत, ही त्यातली अपेक्षा पाबळच्या चार विभागांच्या फार जवळची आहे. दिशा योग्य आहे, असं मी मनापासून म्हणतो.

अंमलबजावणीची काळजी वाटते ती वेगळ्या कारणाने. ठरलेल्या विषयांची एकच यादी सगळीकडे जाते. साहित्य एकदा येतं, मग वायर, इलेक्ट्रोड, खत, पीठ यांसाठी दरवर्षी लागणारे पैसे येत नाहीत. निदेशक कंत्राटावर असतो, मानधन महिनोन्‌महिने थकतं आणि तो कंटाळून निघून गेला की कार्यशाळेला कुलूप लागतं. गावातला उत्तम गवंडी शिकवायला तयार असतो, पण त्याच्याकडे पदविका नसते. शिकवण्याची पात्रता आणि कामाची पात्रता या दोन गोष्टी दोन माणसांत असू शकतात; गवंडी आणि गणिताच्या बाई मिळून तास घेऊ शकतात. तशी सोय वेळापत्रकात आणि मानधनात करून द्या, एवढीच या लेखकांची मागणी आहे. ती अगदी रास्त आहे.

एका धोक्याकडे पुस्तकात थोडं दुर्लक्ष झालं आहे, तो इथे नोंदवतो. बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे, पण शाळेच्या वेळेनंतर घरच्या धंद्यात मदतीची मुभा आहे. आणि १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याची कामं देता येत नाहीत. ‘कामातून शिक्षण’ या नावाखाली एखाद्या कारखान्याला फुकटची मजुरी पुरवली जाऊ शकते. म्हणून शाळेने लिहून ठेवावं: तास किती, सोबत कोण, गॉगल आणि हातमोजे कुठे आहेत, मिळालेले पैसे कोणाच्या खात्यात जातात, आणि या कामातून मूल नवं काय शिकलं. तीच गोष्ट मूल पन्नासाव्यांदा करत असेल आणि नवं काही शिकत नसेल, तर ते शिक्षण राहिलेलं नाही.

ज्या शिक्षकांना लगेच सुरुवात करायची आहे त्यांनी शेवटचं प्रकरण आधी वाचावं. त्यात गावातल्या कामांची पाहणी कशी करायची ते दिलं आहे. आठवीच्या वर्गाचे गट करून एकेक आळी वाटून द्यावी. मागच्या वर्षभरात कोणत्या कामासाठी माणूस बाहेरून बोलवावा लागला, किती दिवस थांबावं लागलं, किती पैसे दिले, एवढे तीनच प्रश्न मुलांनी घरोघर विचारावेत. दुकानं, दवाखाना, ग्रामपंचायत, बचत गट आणि दूध केंद्र सोडू नये. बाया सांगतात ती कामं आणि पुरुष सांगतात ती कामं वेगवेगळी लिहावीत. दोन्ही याद्यांत बराच फरक निघतो. पाहणी एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा एप्रिलमध्ये करावी, कारण ऑक्टोबरात कुणाला पाण्याची मोटर आठवत नाही. यादी तयार झाली की मुख्याध्यापकांसमोर पालकांची बैठक घ्यावी, आणि त्यातली शाळेला झेपतील अशी चार कामं त्याच वर्षाच्या वेळापत्रकात घालावीत: एक शेतीचं, एक यंत्राचं, एक घर-आरोग्याचं आणि एक हिशेबाचं.